आक्काच्या कोंबड्यांना देवी आल्या तेव्हा

गल्लीतली लहानथोर सगळीच त्यांना मामा म्हणत. खरं तर ते एकाच मुलीचे मामा होते, आणि तीही लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती. लहानपणी ते भेटायला आले की ती दारात उभी राहून त्यांना हाका मारायची. त्या हाका शेजारच्या पोरांनी उचलल्या, पोरांच्या त्यांच्या आयांनी, आणि शेवटी दूधवालाही 'मामा, भांडं' म्हणायला लागला. मामांनी स्वतः लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, पाट्या रंगवण्यात राहून गेलं.

पाट्या हा त्यांचा धंदा होता. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या. केस कापायच्या दुकानावरची त्यांची अक्षरं भांग पाडून बसवल्यासारखी असत. बेकरीची अक्षरं ते अशी गुबगुबीत काढत की नुसती पाटी वाचून भूक लागावी. शिडीवर उभे राहून ते एका दमात अशी रेघ ओढत की खालून बघणाऱ्याचाही श्वास अडकायचा. पुढे फ्लेक्स आले. संध्याकाळी सांगितलेला बोर्ड सकाळी छापून तयार मिळायला लागला, आणि मामांची शिडी भिंतीला टेकून राहिली ती राहिलीच. त्यांनी कुरकुर केली नाही. जाडे-बारीक ब्रश धुऊन, पुसून खोलीतल्या फळीवर उभे करून ठेवले, आणि रंगाचे डबे मागच्या अंगणात खुराड्यामागच्या भिंतीशी रचून ठेवले. काही डब्यांच्या तळाशी रंग वाळून दगड झाला होता, काही नुसतेच रिकामे होते. हे भंगार काढ म्हणून आक्का त्यांच्या मागे लागायची. मामा 'बघू' म्हणायचे. मामांचं 'बघू' म्हणजे नाही, हे आक्काला ठाऊक होतं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. घर तिचंच होतं. नवरा गेल्यावर आणि मुलीचं लग्न झाल्यावर तिने भावाला बोलावून घेतलं होतं. तिची सगळी नोकरी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरातली शांतता तिला सोसेना. तिने कोंबड्या आणल्या आणि त्यांना आपल्या खात्यातली नावं दिली. अंडं घातलं की अर्धी गल्ली दणाणून सोडणारी ती ट्रंककॉल. दाणे टाकायच्या आधीच पायांत येऊन घुटमळणारी ती अर्जंट. सकाळपासून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून कोणाला जागा न देणारी एंगेज. कोंबडा होता तो साहेब. अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा होत्या, त्यांना नावं मिळायची होती. आणि अगदी अलीकडे बाजारातून आणलेली, भलत्याच ठिकाणी जाऊन बसणारी एक तपकिरी कोंबडी होती, ती राँग नंबर.

मामांचं आणि कोंबड्यांचं सूत काही जुळलं नव्हतं. त्यांच्या पायांकडे बघून मामांच्या अंगावर शहारा यायचा. साहेबाने एकदा त्यांच्या घोट्याला चोच मारली होती, तेव्हापासून ते अंगणात जाताना हातात छत्री घेत. त्यांचा कोंबड्यांशी संबंध काय तो उकडलेल्या अंड्यापुरता.

आणि मग आक्का पडली. मागच्या दाराची पायरी ओली होती. तिच्या हातात कोंड्याचं भांडं होतं, पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. भाचीने तिला आपल्या घरी नेलं, कारण तिथे पायऱ्या नव्हत्या आणि न्हाणीघर खोलीला लागून होतं. दवाखान्यातून गाडीत बसवताना आक्का स्वतःबद्दल चकार शब्द बोलली नाही. मामांचा हात धरून तिने कोंडा किती भिजवायचा, पाण्याचं भांडं रोज घासायचं, संध्याकाळी खुराड्याची कडी दोनदा बघायची, हे सगळं सांगितलं. भाची म्हणाली, आई, निघायचं का आता. आक्का म्हणाली, थांब, एंगेजचं राहिलं.

आक्काचा फोन रोज दुपारच्या जेवणाआधी येई. मामा फोन घेऊन मागच्या दारात उभे राहत, म्हणजे तिला कोंबड्यांचा आवाज जाईल. पहिले काही दिवस बरे गेले. साहेबाने छत्रीचा मान राखला, मामांनी साहेबाचा.

एका सकाळी मामांना साहेबाच्या तुऱ्यावर एक टिंब दिसलं. रंगाच्या माणसाची नजर आधी रंगावर जाते. लाल भडक तुऱ्यावर ते राखेसारखं करडं होतं, मधे पिवळसर. मामांना वाटलं भांडणात लागलं असेल. दुसऱ्या दिवशी टिंबं वाढली होती आणि तपकिरी होऊन त्यांच्यावर खपल्या धरल्या होत्या. एंगेजच्या चोचीखालच्या लाल पाळ्यांवर तसेच फोड होते. अर्जंट दाण्यांना धावली नाही, त्याचं मामांना पहिल्यांदा बरं वाटलं आणि मग वाईट. तिच्या एका डोळ्याभोवती खपल्या दाटल्या होत्या आणि पापणी चिकटली होती. ती मान वाकडी करून दुसऱ्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत होती.

भिंतीपलीकडे इस्त्रीवाल्याची बायको कपडे वाळत घालत होती. मामांनी तिला विचारलं. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. तिने भिंतीवरून वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरली. देवी आल्यात, म्हणाली. मग ती म्हणाली की तिची मुलं लहान आहेत, उद्या त्यांच्या अंगावर फोड उठले तर कोणाला विचारायचं, मामांनी मनावर घेऊन सगळ्या एकदम पुरून टाकाव्यात, आक्काला काहीही सांगावं, म्हणावं मांजराने नेल्या. बाई वाईट नव्हती, घाबरली होती. मामाही घाबरले. देवी म्हटल्यावर त्यांना लहानपणी पाहिलेले व्रणांचे चेहरे आठवले. त्यांनी फोडांना हात लावला होता. ते आत गेले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धूत राहिले.

त्या दिवशी आक्काचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, सगळं ठीक आहे. साहेब कसा आहे? ठीक. अर्जंट? खातेय की. मागे ट्रंककॉल गळा काढून ओरडत होती, त्यामुळे आक्काची खात्री पटली असावी.

फोन ठेवल्यावर मामांनी झाकणाची टोपली काढली, जुना टॉवेल पांघरून अर्जंटला उचललं आणि टोपलीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोंबडी हातात धरली. तिचं अंग आपण समजत होतो त्याहून कितीतरी हलकं आणि गरम आहे, असं त्यांना वाटलं. जनावरांच्या दवाखान्यात बाकावर ते टोपली मांडीवर घेऊन बसले. एका बाजूला खरजेचं कुत्रं, दुसऱ्या बाजूला पिशवीत न मावणारं मांजर, आणि ते मधे.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती, बाह्या वर सारलेली, बोलायला चटकन. तिने अर्जंटची चोच उघडून आत उजेड टाकला, डोळा पाहिला, तुरा पाहिला.

"देवीच आहेत, काका. याच्यावर औषध नाही."

मामांनी मान हलवली. टोपलीचं झाकण लावायला घेतलं.

"अहो, थांबा. रोगावर औषध नाही म्हटलं मी. कोंबडीसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे."

मग तिने बसवून समजावलं. हा पाखरांचा आजार आहे, माणसांना होत नाही, शेजारणीला तसं सांगा. माणसांच्या देवी वेगळ्या. रोग आपल्या चालीने येतो आणि काही आठवड्यांनी आपल्या चालीने जातो. तोवर कोंबडी तगली पाहिजे. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. ओढल्या तर खाली जखम होते, आणि खपलीतच रोग भरलेला असतो. त्यांच्यावर पातळ केलेलं आयोडीन लावायचं, पण डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. डोळा मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवायचा. दिसेना झालं की कोंबडी खात नाही, आणि देवींनी मेली नाही ती उपाशी मरते, म्हणून मऊ खाणं हाताने भरवायचं. वर दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून एक पावडर दिली, ती पाण्यातून द्यायची, आणि ती चालू असेपर्यंत अंडी खायची नाहीत. आजारी वेगळ्या ठेवायच्या. तिने विचारलं, नवीन कोंबडी आणली होती का? मामा म्हणाले, हो, एक. डास आहेत का? मामा म्हणाले, डास कुठे नसतात.

जाताना ती म्हणाली की ज्या धडधाकट दिसतात त्यांना लस देऊन बघू, दुपारी मी त्याच बाजूला येणार आहे.

दुपारी ती आली. लसीची बाटली थंड डब्यात होती आणि एकदा विरघळवली की लगेच संपवायला लागत होती, त्यामुळे कोंबड्या पकडायची घाई झाली. मामा तलंगांमागे अंगणभर धावले. एक सापडली ती शिडीच्या पायरीवर, एक न्हाणीच्या बंबामागे. राँग नंबर स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसली होती. मामांनी एकेकीचा पंख उजेडाकडे पसरून धरायचा आणि डॉक्टरने पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांची सुई लसीत बुडवून आरपार टोचायची, असं काम चाललं. ट्रंककॉलही धडधाकट दिसत होती. तिलाही टोचलं, आणि तिने जो काही आरडाओरडा केला त्याने इस्त्रीवाल्याची बायको भिंतीशी येऊन उभी राहिली. डॉक्टरने तिथल्या तिथे तिला सांगितलं की मुलांना काही होत नाही. बाईचा चेहरा जरा सैल झाला.

हात धुवायला म्हणून डॉक्टर नळाकडे गेली आणि खुराड्यामागच्या डब्यांपाशी थांबली. तिने एक डबा कलंडून पाहिला. मामाही पुढे झाले. तळाशी वाळलेला निळा रंग होता, वर साचलेलं पाणी, आणि पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. दुसऱ्या डब्यातही तेच. तिसऱ्यात जास्त.

डास एकीला चावतो आणि तोच दुसरीला चावतो, एवढंच डॉक्टर म्हणाली. नव्या कोंबडीबरोबरही रोग आला असेल, नक्की कोणी सांगू शकत नाही, पण हे आधी काढा.

ती गेल्यावर मामांनी एकेक डबा उचलून पाणी उन्हात तापलेल्या फरशीवर ओतलं. अळ्या थोडा वेळ हलल्या आणि थांबल्या. प्रत्येक डबा त्यांना ओळखू येत होता. हा हिरवा औषधाच्या दुकानाचा. हा तांबडा टपालखात्याच्या पेटीसाठी खास घोटलेला. पिवळा मुलींच्या शाळेचा, त्या पाटीचं अजून कौतुक होतं. भंगारवाल्याला हाक मारली तेव्हा तो म्हणाला, मामा, आता निघाले होय हे? मामा म्हणाले, ने बाबा. तो डबे पोत्यात एकावर एक टाकत होता, तेव्हा ते आत जाऊन उभे राहिले. खोलीत येणारा आवाज मात्र थांबवता येत नव्हता.

आजारी कोंबड्यांना ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून मामांनी आपली खोली दिली. पलंग उभा केला, खाली भुसा पसरला, आणि स्वतःचं अंथरूण आक्काच्या खोलीत नेलं. तिची मच्छरदाणी काढून खुराड्यावर बांधली. आयोडीन लावायला डॉक्टरने कापूस सांगितला होता, पण कापसाचे धागे खपलीत अडकायला लागले. मामांनी फळीवरचा सगळ्यांत बारीक ब्रश घेतला, अक्षरांच्या कडा काढायचा. साहेबाला टॉवेलात गुंडाळून काखेत दाबला आणि एकेक खपली रंगवली, कडेकडेने, डोळ्याच्या बाजूला अजिबात न ओघळता. साहेबाने पहिल्या दिवशी हाताला बोचकारलं. दोन-तीन दिवसांनी तो टॉवेल दिसला की नुसताच बसून राहायचा. मामा काम करताना पुटपुटत असत. पूर्वी शिडीवर पुटपुटायचे तसंच, आता जरा वर, हं, आता खाली.

अर्जंटच्या डोळ्याला वेळ लागायचा. कोमट पाण्याची घडी ठेवायची, काढायची, परत ठेवायची. भिजवलेला कोंडा आणि कुस्करलेलं अंड्याचं पिवळं ते बोटावर घेऊन तिच्या चोचीशी धरत. पहिल्यांदा ती खायची नाही, मग एकदम हावरटासारखी बोटासकट धरायची. मामांची बोटं आयोडीनने तपकिरी झाली ती धुऊन जाईनात. भाजीवालीने विचारलं, परत कामं मिळायला लागली वाटतं? मामा म्हणाले, हो, मिळालंय एक.

आणि रोज दुपारी ते आक्काला सगळं ठीक आहे म्हणून सांगत होते. त्यात त्यांची लबाडी नव्हती. भाचीने त्यांना सांगितलं होतं की आईला आता चालायला शिकायचंय, तिला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. पण खोटं बोलायचा सराव नसल्यामुळे मामा फार तपशिलात शिरत. साहेब आज भिंतीवर चढला होता, एंगेजने कोपरा सोडला नाही, अर्जंट तर काय विचारूच नकोस. आक्का हं हं करत ऐकत होती.

मग ट्रंककॉल आजारी पडली. लस द्यायच्या आधीच रोग तिच्या अंगात शिरला असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाली. तिच्या तुऱ्यावर एकही डाग नव्हता. ती फक्त चोच उघडी ठेवून बसायला लागली आणि श्वास घेताना घशातून खरखर ऐकू यायची. मामांनी चोच उघडून पाहिलं तर आत पिवळट सायीसारखा थर होता. त्यांनी तिला तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरने ओल्या बोळ्याने जेवढा सुटेल तेवढाच थर काढला, बाकीच्याला हात लावला नाही. देवीचा हा प्रकार आत होतो आणि तोच वाईट, म्हणाली. पातळ खाणं थेंबाथेंबाने द्या, आणि बघू. 'बघू' म्हणताना ती मामांकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोनवर मामा नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"ट्रंककॉल कुठे आहे?" आक्काने विचारलं.

"आहे की. अंगणात."

"मग ऐकू का येत नाही? परवापासून ऐकू येत नाहीये."

"झोपली असेल."

"दुपारी? कोंबडी? हे बघ, साहेब आरवला की तुझ्या खोलीतून आवाज येतो. तू रोज तेच तेच वर्णन करून सांगतोस. उभा जन्म मी लोकांचे आवाज ऐकण्यात घालवलाय. मला मामा बनवू नकोस. मामा तू आहेस."

मामा मागच्या दाराच्या पायरीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. फोडांपासून डब्यांपर्यंत. डब्यांचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, आणि आक्काने त्यांना ते परत सांगायला लावलं नाही. ती फक्त म्हणाली, मी येते.

भाचीने खूप समजावलं. डॉक्टरांनी अजून बाहेर पडायला सांगितलेलं नाही, गाडीत धक्के बसतील, आई तू हट्ट करतेस. आक्का म्हणाली, हो, करते. शेवटी भाचीने उशा लावून तिला गाडीत बसवलं आणि बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवत आणलं. आक्का चालण्याच्या लोखंडी स्टँडला धरून घरात आली. वाटेत आपल्या पलंगावर तिला मामांचं अंथरूण आणि मच्छरदाणीवाचून मोकळ्या खुंट्या दिसल्या. मामांच्या खोलीत तिला खुर्ची दिली. भुशावर साहेब आणि एंगेज बसले होते, तुऱ्यांवर आयोडीनचे नीटनेटके ठिपके. अर्जंट मान वाकडी करून बघत होती. मामांनी ट्रंककॉलला टॉवेलासकट तिच्या मांडीवर ठेवलं.

आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खरखर सगळ्या खोलीत ऐकू येत होती.

"माझ्यामुळे झालं," मामा म्हणाले. "तू डबे काढ, काढ म्हणत होतीस."

"डब्यांमुळे कशाला? त्या राँग नंबरला मी आणली. विकणाऱ्याच्या पिंजऱ्यात एकीच्या तुऱ्यावर खपली होती. मला दिसली होती. म्हटलं, कुठेतरी लागलं असेल."

"पण डासांनी पसरवलं."

"आणलं कोणी आधी?"

"आक्का, पाण्यात अळ्या होत्या. मी डोळ्यांनी बघितल्या."

"आणि मी खपली डोळ्यांनी बघितली."

दोघं असं बराच वेळ एकमेकांच्या हातातून दोष काढून घेत राहिले. भाची दारात उभी होती. ती म्हणाली, तुमच्या दोघांचं ठरलं की मला सांगा, तोवर मी चहा टाकते. आक्का हसली. हसताना तिचा खुबा दुखला आणि तिने मामांचा हात धरला. तो तपकिरी हात तिने उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाली, खपल्या छान रंगवल्यास रे. मामांच्या पाट्यांबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. त्यांना वाटायचं, तिने त्या कधी नीट पाहिल्याच नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत भाची आक्काला परत घेऊन गेली. ट्रंककॉल त्यानंतर एक-दोन दिवस राहिली. मामा थेंबाने पाणी देत होते, ते गिळायचं तिने आधी बंद केलं आणि मग श्वास घ्यायचं. एका सकाळी ते खोलीत आले तेव्हा खरखर थांबली होती. मामांनी तिला जुन्या टॉवेलात गुंडाळलं, भिंतीकडच्या मातीत खोल खड्डा केला आणि वर दगड ठेवला, कुत्र्याने उकरू नये म्हणून. मग हात धुऊन त्यांनी स्वतः फोन लावला. आजवर आक्काच फोन करायची.

"आक्का, ट्रंककॉल गेली."

"बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "अर्जंटने खाल्लं का आज?"

"खाल्लं."

"मग तू खा आता काहीतरी."

मामांनी खाल्लं. त्यांना भूक नाही असं वाटत होतं, पण होती.

त्यानंतर वाईट काही घडलं नाही. लस टोचल्याला आठवडा झाल्यावर डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मामांनी तलंगांचे आणि राँग नंबरचे पंख उजेडात धरून पाहिले. तलंगांच्या टोचलेल्या जागी छोटी गाठ आणि खपली धरली होती. फोनवर डॉक्टर म्हणाली, उत्तम, लस लागली. राँग नंबरला काहीच उठलं नव्हतं. डॉक्टर म्हणाली, म्हणजे तिला कधीतरी आधीच होऊन गेलं असेल, किंवा लस लागली नसेल. परत एकदा टोचून बघू. हे मामांनी आक्काला सांगितलं, तेव्हा ती विजयी आवाजात म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं? मामा म्हणाले, 'किंवा' पण म्हणाली ती.

साहेबाच्या खपल्या काळ्या पडल्या, सुकल्या आणि एकेक गळायला लागल्या. त्यांच्यात रोग जिवंत राहतो म्हणून मामा भुसा गोळा करून जाळत, फरशी घासत. खाली तुऱ्याची नवी कातडी आली, गुलाबी, अजून लाल व्हायची असलेली. एंगेज बरी झाली आणि मामांच्या खोलीचा कोपरा सोडायला तयार होईना. तिला उचलून खुराड्यात न्यावं लागलं. अर्जंटचा डोळा उघडला, पण त्यावर पांढरी झाक राहिली आणि त्या बाजूने तिला दिसेना. दाणे टाकले की ती धावायची, मात्र किंचित तिरपी, आणि दुसऱ्या कोणाला तरी धडकायची. मामा तिच्यासाठी मूठभर दाणे चांगल्या डोळ्याच्या बाजूला टाकत. इस्त्रीवाल्याच्या बायकोने तिच्या भावाच्या कोंबड्यांसाठी डॉक्टरचा नंबर मागून घेतला, आणि जाता जाता म्हणाली की मी घाबरून बोलले होते, मनावर घेऊ नका. मामा म्हणाले, मीही घाबरलोच होतो की.

आक्का घरी आली तेव्हा ऊन जरा कमी झालं होतं. स्टँड सुटला होता, काठी आली होती. मामांनी मागच्या पायरीच्या कडेला खडबडीत पट्टी बसवून घेतली होती आणि धरायला एक लोखंडी कठडा लावला होता, तोही रंगवून. वाकणं तिला आता कायमचं बंद होतं, त्यामुळे खुराडं झाडणं, भांडी घासणं आणि अंडी काढणं मामांकडेच राहिलं. ती खुर्चीतून हुकूम सोडायची. कोंडा जास्त भिजवलास, कडी नीट लाव, त्या तलंगेला पुढे येऊ दे. मामा 'बघू' म्हणायचे आणि लगेच ते करायचे.

डॉक्टरांनी तिला सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. ती एका हातात काठी धरायची, दुसरा हात मामांच्या कोपरात घालायची, आणि दोघं अंगणात चकरा मारायची. कोंबड्यांना वाटे, हे चालणं आपल्यासाठीच आहे, म्हणून त्या मागून येत. साहेब सगळ्यांत पुढे असायचा. आक्का मधेच थांबून दम घ्यायची, तेव्हा मामाही थांबत आणि कुंपणाबाहेर बघत राहत, जणू थांबायचं कारण त्यांचंच होतं. मग ती म्हणायची, चल. आणि ते चालायला लागत.